धूर कोणाच्या खात्यावर?



दुकानातून आपण बटाट्याच्या चिप्सचे पाकीट घेतो, पैसे देतो आणि व्यवहार संपला असे समजतो. पण ते पाकीट आपल्या हाती येण्यापूर्वी शेतात खत पडलेले असते, बटाटा गोदामात राहिलेला असतो, कढईखाली इंधन जळालेले असते, ट्रक धावलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर कार्बन डायऑक्साइडसारखे वायू हवेत जातात आणि पृथ्वीचे तापमान वाढवतात. हा सारा धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा? शेतकऱ्याच्या, कारखानदाराच्या, दुकानदाराच्या की खाणाऱ्याच्या?

प्रश्न हिशेबनिसाचा वाटतो, पण मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. कंपन्या आपल्या धुराचा हिशेब तीन भागांत मांडतात. पहिला भाग म्हणजे स्वतः जाळलेले इंधन. दुसरा, विकत घेतलेली वीज. तिसरा, माल पुरवणाऱ्यापासून तो वापरून फेकणाऱ्या ग्राहकापर्यंतचे उरलेले सारे. मोठमोठ्या किरकोळ विक्रेत्यांच्या बाबतीत हा तिसरा भागच सर्वांत मोठा असतो. दुकानातले दिवे बदलले तरी खरा धूर दुसऱ्याच्या अंगणात निघत राहतो. म्हणूनच काही विक्रेत्यांनी पुरवठादारांना बरोबर घेऊन तो मोजायला आणि कमी करायला सुरुवात केली.

‘दुसऱ्याच्या अंगणातला धूर माझा नव्हे’ असे म्हणून सुटता येईल का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असाच एक प्रश्न हाताळला. चोरी झाली तर भरपाई कोणी करावी? केवळ चोराने नव्हे, असे त्यांचे उत्तर होते. ज्याने हुकूम दिला, ज्याने सल्ला दिला, ज्याने वाटा घेतला, आणि ज्याचे रोखण्याचे कर्तव्य असताना जो गप्प राहिला, त्या साऱ्यांचा त्यांनी विचार केला. अन्न पिकवणे म्हणजे चोरी नव्हे, हे उघड आहे. तरी तत्त्व इथेही लागू पडते. जबाबदारी केवळ काम करणाऱ्या हाताची नसते. ती काम सांगणाऱ्या शब्दाचीही असते.

याचे एक बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. वॉकर्स या चिप्स बनवणाऱ्या कंपनीने २००७ साली कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या साहाय्याने पाकिटावर त्यामागच्या कार्बनचा आकडा छापला. मोजमाप करताना एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. कंपनी बटाटे वजनावर घेत होती. साहजिकच शेतकरी ते दमट गोदामात ठेवत, म्हणजे वजन भरपूर भरे. मग तेच जादा पाणी उडवून लावण्यासाठी कारखान्यात जादा इंधन जळे. दमटपणा राखायला ऊर्जा, तो घालवायलाही ऊर्जा! यात दोषी कोण? शेतकऱ्याने ज्याला दाम मिळतो ते दिले. कामगाराने पुढ्यात आले ते तळले. वाईट माणूस कोणीच नव्हता. वाईट होती ती खरेदीची अट. ती बदलणे, म्हणजे पाण्याऐवजी कोरड्या बटाट्याला मोल देणे, हे विकत घेणाऱ्याच्या हाती होते.

म्हणून मला वाटते, धुराची जबाबदारी अट घालण्याच्या सत्तेबरोबर वाढते. नाशिकची द्राक्षे युरोपातल्या दुकानांत जातात. उद्या तिथल्या विक्रेत्याने आपल्या बागायतदाराकडे डिझेलचा आणि विजेचा हिशेब मागितला, तर त्यात गैर काही नाही. पण भाव जुनाच ठेवून नव्या पंपाचा आणि मोजमापाचा खर्च त्या एकट्याच्या डोक्यावर टाकला, तर ते सहकार्य नव्हे. ते स्वतःचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर देणे झाले.

दुसरा धोका आकड्यांच्या मोहाचा. ‘टेस्को’ने २००७ साली आपल्या सत्तर हजार वस्तूंवर कार्बनचा आकडा छापण्याचा संकल्प सोडला. २०१२ साली तो गुंडाळावा लागला, कारण एकेका वस्तूच्या मोजमापाचे काम फार होते आणि इतर दुकानदारांनी साथ दिली नाही. अमेरिकेच्या ‘वॉलमार्ट’ने २०१७ साली पुरवठादारांसह २०३० पर्यंत शंभर कोटी टन उत्सर्जन टाळण्याचे ठरवले आणि २०२४ च्या आरंभी ते साध्य झाल्याचे जाहीर केले. काम मोठे आहे. पण ‘टाळले’ आणि ‘घटले’ यांत फरक आहे. दहा हजारांचे कर्ज काढणार होतो, आठच काढले, असे म्हणणाऱ्याने दोन हजार टाळले खरे. कर्ज मात्र आठ हजारांनी वाढलेच. त्याच २०२४ च्या डिसेंबरात वॉलमार्टने आपल्या स्वतःच्या उत्सर्जनाची २०२५ आणि २०३० ची उद्दिष्टे बहुधा हुकतील, असेही सांगितले. अशी कबुली उजळ आकड्यांइतकीच मोलाची आहे. खरे मोजमाप आत्मपरीक्षणासारखे असते. त्यात सोयीची पापे निवडता येत नाहीत.

आता कोणी म्हणेल, ‘फादर, या मोठ्या दुकानदारांच्या गोष्टी. आमच्या हाती काय?’ पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या आपल्या विश्वपत्रात ग्राहकाच्या नैतिक जबाबदारीकडे लक्ष वेधले होते. आपली सत्ता लहान आहे, पण शून्य नाही. लग्नाचा मंडप, जेवणाचे कंत्राट, कार्यालयातली खरेदी, यांत आपणही कोणाला तरी अट घालतच असतो. ‘सर्वांत स्वस्त कोण?’ एवढेच आपण विचारले, तर समोरचा माणूस तेवढेच देईल. मग त्याच्या धुराकडे बोट दाखवण्याचा आपल्याला काय अधिकार?

मिस्साच्या आरंभी आपण जे केले त्याचीच नव्हे, तर जे करायचे राहून गेले त्याचीही कबुली देतो. न विचारलेले प्रश्न त्यातच येतात. आपला धर्मग्रामही एक खरेदीदार आहे. सणाच्या रोषणाईसाठी जनरेटर लावणाऱ्याला यंदा दोन प्रश्न विचारावेत, अशी माझी धर्मग्राम परिषदेला विनंती आहे. डिझेल किती जळते? आणि ते कमी करायचे तर खर्च किती वाढेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकल्यावर त्या खर्चातला आपला वाटा उचलण्याची तयारी मात्र हवी. ती नसेल, तर पहिला प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.