बाळाच्या औषधाला प्रमाण कोणतं?

सिंधुदुर्गात बाळाला जुलाब लागले की घरात एकाच दिवशी अनेक गोष्टी होतात. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं जातं, आजी दृष्ट काढते, गुटीसाठी सहाणेवर जायफळ नि मुरुडशेंग उगाळली जाते, आणि आशाताई ओआरएसची पाकिटं व झिंकच्या गोळ्या देऊन जातात. सगळ्यांमागची माया एकच. पण मायेनं दिलेलं औषध गुणकारी असतंच असं नाही, आणि मग खरं काय हे ठरवायचं कसं, हा दर्शनशास्त्राचा जुना प्रश्न थेट पाळण्यापाशी येतो. बाळाच्या पोटात जे जातं त्याला पुरावा मागणं म्हणजे श्रद्धा सोडणं नव्हे, असं मी मानतो. ही मागणी आपल्या परंपरेतलीच आहे. न्यायसूत्रांनी आप्तवचनाला, म्हणजे जाणत्या आणि विश्वासू माणसाच्या शब्दाला, प्रमाण मानलं आणि वेदांच्या प्रामाण्यासाठी दाखला दिला तो आयुर्वेदाचा: औषधाचा गुण दिसतो, म्हणून ते सांगणाऱ्यावर भरवसा. भाष्यकार वात्स्यायनांनी तर आप्ताचं लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लावलं. सांगणारा कोण, यापेक्षा त्याला ते कशावरून कळलं, हे महत्त्वाचं.

‘आमची पोरं याच गुटीवर वाढली’ हा अनुभव खोटा नसतो, अपुरा असतो. बहुतेक जुलाब आणि सर्दी आपोआप थांबतात, आणि थांबण्याआधी जे दिलं त्याला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. हा गोंधळ तुलनेनंच सुटतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 39 गावांतल्या नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्यासाठी गावातल्याच बायकांना शिकवलं आणि 47 गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचं मृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी कमी दिसलं. 1999 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, 2011 मध्ये देशभर तशी योजना आली. आज मालवणातल्या घरी आशाताई तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन करतात, त्यामागे हा पुरावा आहे. काही गावांना ही सेवा न देणं अधर्म नव्हता का? हा आक्षेप गंभीर आहे. पण या काळजीत इंजेक्शनही होतं, आणि गावातली बाई ते नवजात बाळाला सुरक्षितपणे देऊ शकते का, हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. ते न जाणता सगळ्यांवर लादणं ही दया झाली नसती.

डॉक्टरही चुकतात, हेही खरंच. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्या प्रचंड खपाच्या पुस्तकानं 1950 च्या दशकापासून बाळाला पालथं झोपवायला सांगितलं. पुढे तसं झोपवल्यानं अचानक मृत्यूचा धोका वाढतो असं दिसलं आणि 1990 च्या दशकात उताणं झोपवण्याच्या मोहिमा निघाल्या. म्हणजे डॉक्टरच्या शब्दालाही तीच कसोटी. गाऱ्हाण्याला मात्र ती लावायचं कारण नाही; ते औषध असल्याचा दावा करत नाही, आईला धीर देतं. त्यापायी ओआरएस लांबलं, तरच हरकत. आणि कसोटी आजीच्या विरोधातच जाते असंही नाही. बाळाला तेल लावणं ही आजीचीच रीत. ढाक्याच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर जंतुसंसर्ग कमी झाल्याचं चाचणीत आढळलं. गुटीबद्दल असं काही हाती येईपर्यंत पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, आणि सहाण बाजूला ठेवावी.