पैसे दिले म्हणजे पाहुणेपण फिटले का?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



यजमानाचा धर्म काय, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे, उपाशी पाठवू नये, वगैरे. तैत्तिरीय उपनिषदाने तर अतिथीला देव मानायला सांगितले. पण पाहुण्याचा धर्म काय, यावर आपण फारसे बोलत नाही. त्यातही एक पोटप्रश्न आहे. पैसे मोजून राहिलो, तर आपण पाहुणे उरतो, की नुसते गिऱ्हाईक होतो?

आमच्या बडोद्याच्या मंडळातल्या सहा जणांना हा प्रश्न जुलैत बारा दिवस पुरला. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड असा मोटारीने प्रवास झाला. एका कुटुंबाचा मुलगा म्युनिकला नोकरीला आहे, गाडी त्यानेच चालवली. मोठी हॉटेले टाळून गावातल्या लहान सराईत उतरायचे, असे आधीच ठरले होते. जर्मन भाषेत अशा जागेला ‘गास्टहोफ’ म्हणतात. खाली खानावळ, वर सहा-सात खोल्या, आणि मागे त्याच घरातले आजी-आजोबा, सून, नातवंडे राहतात. फोटो ग्रुपवर पोचलेच आहेत. फोटोत न आलेले इथे लिहितो.

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी या शब्दाची फोड आपण प्रवचनात ऐकतो. भारतीय पासपोर्टवर युरोपात असे अतिथी होता येत नाही. शेंगेन व्हिसाच्या अर्जालाच मुक्कामाचे पुरावे जोडावे लागतात. पहिली कसोटी तिथेच लागली, घरबसल्या. “फुकटात रद्द होणारी कुठलीही बुकिंगं करा, व्हिसा आला की रद्द करून टाका,” हा सल्ला अशा प्रवासाला निघणाऱ्या कुणालाही मिळतो, तसा आम्हालाही मिळाला. वरवर पाहता यात कुणाचे पैसे बुडत नाहीत. पण आमच्यातल्या एका ताईंनी विचारले, “सात खोल्यांचं घर. ऐन हंगामातली त्यातली एक खोली आपण दोन महिने अडवून ठेवायची. तेवढ्यात तिथे कोण येऊ शकलं नाही, हे आपल्याला कधी कळणार आहे का?” उत्तर कुणाकडेच नव्हते. मग जिथे राहायचे तिथलेच बुकिंग केले. थोडे महाग पडले, वेळही लागला. पण एक गोष्ट ध्यानात आली. यजमानाचे तोंड पाहण्याआधीच आपला त्याच्याशी व्यवहार सुरू झालेला असतो.

दुसरी कसोटी पूजेची. ही जुनी घरे आतून लाकडाची. भिंती लाकडी, छत लाकडी. खोलीत मेणबत्ती वा कसलीही ज्योत लावू नये असे लिहिलेले, आणि छताला धूर ओळखणारे यंत्र. आमच्यातल्या काकांची नित्यपूजा चाळीस वर्षांत चुकलेली नाही. निरांजन आणि उदबत्तीशिवाय पूजा झाली असे त्यांना वाटतच नाही. कुणीतरी सुचवले, “त्या यंत्रावर पाच मिनिटं प्लास्टिकची पिशवी बांधू. अनेक जण बांधतात.” काका म्हणाले, “देवापुढे दिवा लावायचा म्हणून दुसऱ्याच्या घराची राखण करणारा डोळा झाकायचा? असला दिवा देव घेईल का?” बारा दिवस त्यांनी मानसपूजा केली. मानसपूजा आपल्या परंपरेत कमी प्रतीची मुळीच नाही, पण आपण ती आजारपणासाठी राखून ठेवतो. काका नंतर म्हणाले, “हाताला ताम्हन-पळी नसली की मन किती पळतं, ते मला या वयात कळलं.” नियम पाळल्याने पूजा गेली नाही, उलट आत गेली.

तिसरी गोष्ट बसण्याची. या खानावळीत एक टेबल गावकऱ्यांचे असते. त्याला ‘श्टामटिश’ म्हणतात. बरेचदा त्यावर तशी छोटी पाटीही ठेवलेली असते. बाकी जागा भरल्या आणि ते टेबल रिकामे दिसले, तरी परक्याने तिथे परस्पर बसायचे नसते. रोज संध्याकाळी येणारे म्हातारे शेतकरी, सुतार तिथे बसतात. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, हाही तिथला रिवाज. आपल्या घरी आजोबांची आरामखुर्ची असते, तिच्यावर पाहुणा बसला तर कुणी उठवत नाही, पण सगळ्यांना ते खटकते. रिकामी दिसणारी प्रत्येक जागा आपल्यासाठी नसते, हे ओळखणे म्हणजेच अर्धे पाहुणेपण.

आता मुख्य वादाकडे येतो. ऑस्ट्रियातल्या एका मुक्कामी सकाळी निघताना ताई रजया घडी करत होत्या, बेसिन पुसत होत्या. एक भाऊ म्हणाले, “ताई, कशाला? आपण भाडं भरलंय. सफाई त्यात आली. आपण काही उपकारावर राहिलो नाही.” त्यावरून गाडीत दोन पक्ष पडले. ब्रेनरचा घाट चढून इटलीत शिरलो तरी वाद संपला नव्हता.

भाऊंची बाजू हलकी नाही. ती नीट ऐकायला हवी. ते म्हणाले, “पैशाची निंदा करू नका. आपल्याकडच्या कितीतरी धर्मशाळा विशिष्ट ज्ञातीसाठी बांधलेल्या होत्या. फुकट होत्या, पण आत घेण्याआधी जात विचारत. इथे आपल्याला जात विचारली नाही, कुळ विचारलं नाही. पासपोर्ट पाहिला, फॉर्मवर नाव लिहून घेतलं, दर सांगितला. पैशामुळे परका माणूस ताठ मानेने दारात उभा राहू शकतो. मग ते नातं पैशाचंच राहू द्या ना!”

हे खरे आहे. ज्याला ओळखीवर, नात्यावर, जातीवर दार उघडत नाही, त्याला पैसा दार उघडून देतो. आपल्या अतिथिधर्माच्या गोष्टी सांगताना हे विसरू नये.

पण मग ताईंनी पर्समधून बिल काढले आणि मोठ्याने वाचले. खोलीचे भाडे, रात्रीचे जेवण, माणशी प्रत्येक रात्रीचा गावचा पर्यटन कर. सकाळचा नाश्ता भाड्यातच. बस, एवढेच. आम्ही मांसाहार करत नाही म्हटल्यावर घरच्या बाईंनी परतलेल्या बटाट्यांतून नेहमीचे डुकराचे मांस वगळून आमच्यासाठी वेगळी कढई चढवली, ते बिलात नव्हते. पावसामुळे पोचायला उशीर झाला, तेव्हा दारावरचा दिवा जळता ठेवून आजोबा जागे राहिले, तेही नव्हते. ताई म्हणाल्या, “जे बिलात लिहिलंय त्याचे पैसे दिले, ते फिटलं. जे लिहिलंच नाही, ते कशाने फेडू? रजईची घडी करण्याएवढंच माझ्या हातात आहे.”

आमच्या मते वादाचा निकाल इथेच लागला. पैसा दार उघडतो, तो त्याचा मान. पण दाराच्या आत जे मिळते ते सगळे पैशाने मोजलेले नसते. तेवढा भाग आपल्या वागण्यानेच फेडायचा असतो. म्हणजे पैसे देणारा पाहुणाही पाहुणाच असतो.

इटलीत गेल्यावर भाषेनेही यावर एक पुरावा दिला. इटालियन भाषेत ‘ओस्पिते’ हा एकच शब्द पाहुण्यालाही वापरतात आणि यजमानालाही. शब्द मूळ लॅटिनमधला, तिथेही तसेच. आपण बोल्झानोजवळ आहोत असे नकाशा सांगत होता, पण सराईतल्या आजी जर्मन बोलत होत्या. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहाने हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. घरे जागच्या जागी राहिली, देश बदलला. बेळगावच्या आपल्या गुरुबंधूंना हे वेगळे समजावून सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहणारा यजमानसुद्धा एखाद्या सकाळी दुसऱ्या राज्याचा पाहुणा होऊन उठतो. मग कायमचा यजमान कोण?

शेवटच्या टप्प्यात आओस्ताहून ग्रेट सेंट बर्नार्डच्या घाटाने स्वित्झर्लंडमध्ये उतरलो. सुमारे २,४७० मीटर उंचीवर तिथे एक मठ आहे. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तो वाटसरूंसाठी स्थापन केला. एके काळी बर्फात अडकलेल्यांना शोधणारे कुत्रे याच मठाचे होते. रोमला पायी जाणारे यात्रेकरू आजही या वाटेने जातात. मठाचे दार इतक्या शतकांत कधी कुलूपबंद झाले नाही, असे तिथे सांगतात. वारीतल्या दिंड्यांसाठी गावोगावची घरे उघडी राहतात, त्याची आठवण झाली.

याच घाटाने मे १८०० मध्ये नेपोलियन सुमारे चाळीस हजारांचे सैन्य घेऊन इटलीत उतरला. मठातल्या साधूंनी सैनिकांना खाऊपिऊ घातले. घाटाखालच्या बूर-सें-प्येर गावाने माणसे, खेचरे, लाकूड पुरवले. भरपाई देऊ, असे नेपोलियनने गावाला पत्राने कळवले. गावाचा हिशोब सुमारे ४५ हजार फ्रँकचा होता. तो पुरा चुकता झालाच नाही. अखेर १९८४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांनी प्रतीकात्मक भरपाई देऊन विषय मिटवला. एवढा मोठा बादशहा, पण त्या गावाच्या लेखी १८४ वर्षे तो बिल न देता गेलेला पाहुणा होता!

याच्या शेजारी कठोपनिषदातला नचिकेता ठेवून पाहा. यमाच्या दारी तो पोरगा तीन रात्री उपाशी राहिला. यजमान घरी नव्हता. आल्यावर यमच ओशाळला आणि तीन वर देऊ केले. इथे ऋण यजमानावर होते, हवे ते मागायचा हक्क पाहुण्याचा होता. नचिकेत्याने पहिला वर काय मागितला? माझ्या वडिलांचा राग शांत होवो. उपाशी ठेवल्याबद्दल एक शब्दही तो बोलला नाही. पुढे यमाने संपत्ती, दीर्घायुष्य, राज्य असे सगळे पुढे केले, तेही त्याने नाकारले आणि ज्ञान मागितले. हक्क असूनही जो ओरबाडत नाही, तो खरा पाहुणा. म्हणूनच मृत्यूने त्याला आपले गुपित सांगितले.

आता हे आपल्याकडे वळवून पाहू. उत्सवाला आपण भक्तनिवासात उतरतो. देणगीची पावती फाडलेली असते. “पावती आहे ना?” म्हणत आपण दोन गाद्या जास्त ओढतो, नळ टपकत ठेवतो, पंखा चालू सोडून आरतीला जातो. मागून कुणीतरी सेवेकरी येऊन तो बंद करतो. पावतीत त्याचे नाव नसते. परक्या देशात रजईची घडी करणे सोपे आहे, तिथे लाज राखायची असते. आपल्याच गुरुघरी, आपल्याच मावशीकडे, आपल्याच घरात ती करणे अवघड.

देह ही भाड्याची खोली आहे, हे महाराज आपल्याला नेहमी सांगतात. आपण मान डोलावतो. पण भाडे तरी आपण कुठे भरतो? श्वासाचे बिल येत नाही. आईच्या दुधाचे आले नाही. जे बिलात लिहिलेले नाही, तेच इथे जास्त आहे. तेव्हा खोली सोडताना ती निदान आली तशी नीट असावी, आणि श्टामटिशवर आपण हक्काने बसलेले नसावे, एवढे तरी साधावे.

या पंधरवड्याचा अभ्यास म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून एक करावे. रात्री जेवणानंतर, आज आपल्याला बिलात नसलेले काय मिळाले, ते प्रत्येकाने एक-एक सांगावे. लहान मुलांना आधी बोलू द्यावे. त्यांना जास्त आठवते.

श्रीगुरुचरणी अर्पण.