कोटजाईकाठची लेणी आणि स्थळाचे पावित्र्य

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे, कोटजाई नदीच्या काठी, २९ लेण्यांचा समूह आहे. यातील सर्वांत जुनी लेणी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास हीनयान भिक्षूंसाठी खोदली गेली. दहाव्या-अकराव्या शतकांत तिथे वज्रयान साधक आले, शिलाहारांच्या काळात शैव आणि गाणपत्य उपासना रुजली आणि त्यानंतर नाथपंथीयांनी काही लेणी आपलीशी केली. शिलाहार राजा अपरादित्याचा पुत्र विक्रमादित्य याच्या शके १०६१ (इ. स. ११३९) मधील ताम्रपटामुळे या स्थळाचे प्राचीन नाव प्रणालक असल्याचे कळले. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांचा या लेण्यांवरील ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकाच कातळात इतक्या साधना एकामागून एक नांदल्या, तर तिथले पावित्र्य नेमके कशात आहे? दगडात, मूर्तीत, की तिथे बसणाऱ्याच्या चित्तात? या प्रत्येक परंपरेचे उत्तर वेगळे आहे, आणि ती उत्तरे एकमेकांत सहज मिसळत नाहीत.

आरंभीच्या भिक्षूंसाठी लेणे म्हणजे मुख्यतः वर्षावासाचा निवारा. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने फिरती थांबवून एका जागी राहावे, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. कोकणातला पाऊस पाहिला की त्या नियमामागची गरज वेगळी सांगावी लागत नाही. या दृष्टीने कातळाला स्वतःचे पुण्य नाही. नदीत स्नान केल्याने पाप धुतले जाते, ही समजूत बुद्धाने सुंदरिक भारद्वाज या ब्राह्मणाशी झालेल्या संवादात स्पष्टपणे नाकारली. तरीही जन्म, बोधी, पहिले प्रवचन आणि परिनिर्वाण यांची चार स्थळे श्रद्धावंताने पाहावीत, असे महापरिनिब्बान सुत्तात सांगितले आहे. तिथे गेल्याने अनित्यतेची जाणीव तीव्र होते, म्हणून त्या यात्रेला मोल.

वज्रयानात चित्र पालटते. पन्हाळेकाजीला अक्षोभ्य आणि महाचंडरोषण यांच्या मूर्ती आहेत. ही दैवते साधकाने ध्यानात स्वतःच्या ठायी उभी करायची असतात आणि त्या ध्यानात सभोवतालची जागाही मंडल होते. शैवांच्या लेखी मात्र प्रतिष्ठापना झालेल्या लिंगात देव खरोखरच वसतो. उपासक असो वा नसो, स्थान देवाचेच. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे मोठे माहात्म्य आहे. त्याच ग्रंथाचे अनुशासनपर्व सत्य, क्षमा, दया यांनाही तीर्थ मानते. म्हणजे बाहेरचे तीर्थ श्रेष्ठ की आतले, हा वाद त्या परंपरेच्या घरातलाच आहे.

नाथांनी तो वाद टोकाला नेला. हठयोग्याच्या मते सारी तीर्थे देहातच आहेत. असे असताना मुख्य समूहापासून दूर असलेल्या गौर लेण्यात नाथपरंपरेतले चौऱ्याऐंशी सिद्ध दगडात का कोरले गेले? याचे उत्तर गुरुपरंपरेत शोधावे लागते. देहातली वाट दाखवायला गुरू लागतो, आणि गुरूचे स्मरण टिकायला जागा लागते. तीर्थ नाकारणाऱ्यालाही स्थळ टाळता आले नाही, ही या लेण्यांतली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

या सगळ्याला सर्वधर्मसमभाव म्हणून मोकळे होणे घाईचे ठरेल. नंतर आलेल्यांनी आधीच्यांचे तत्त्वज्ञान स्वीकारले नव्हते. त्यांनी एकांत, नदीचे पाणी, दाभोळ बंदराचे सान्निध्य आणि साधनेची जागा म्हणून झालेली ख्याती यांचा वारसा घेतला. दरवेळी तो सौम्यपणे मिळाला, असेही गृहीत धरता येत नाही. याच जिल्ह्यात, वाशिष्ठीच्या खोऱ्यावरच्या परशुराम देवस्थानावर १७२७ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दींचा सरदार सिद्दी सात याने हल्ला केला. त्यानंतर तिथे राहणारे, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी कोकण सोडून घाटावर धावडशीला गेले आणि देवस्थानाचा प्रश्न मराठ्यांच्या राजकारणात शिरला. पावित्र्याला मालक असतो असे मानले की लढाई दूर राहत नाही.

आजच्या काळात हा प्रश्न आणखी एका अंगाने जिवंत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या मार्गाने गेलेल्या जिल्ह्यातील बौद्धांना ही लेणी जुन्या अवशेषांपेक्षा जवळची वाटावीत, यात नवल नाही. गणपतीच्या वा शिवाच्या उपासकाचेही तिथे तितकेच जुने नाते निघते. पुरातत्त्वशास्त्र भिक्षूचा दगडी ओटा, अक्षोभ्य, शिवलिंग आणि सिद्ध या सर्वांकडे पुरावा म्हणून सारख्याच आस्थेने पाहते. हा न्याय आवश्यक आहे, पण अपुरा आहे. कारण ज्यांनी ही लेणी खोदली, त्यांच्यापैकी कुणालाही पुरावा मागे ठेवायचा नव्हता. रिकाम्या खोलीत बसून तृष्णा कशी क्षीण होते आणि लिंगापुढे हात का जोडले जातात, हे दोन्ही आपापल्या जागी समजून घेतल्याशिवाय पन्हाळेकाजीचे दर्शन अर्धेच राहते.