उधारीची वही आणि अनोळखी शेजारी

मागे एका शब्बाथला सकाळची प्रार्थना आटोपल्यावर किद्दूशच्या टेबलाशी एका तरुण गृहस्थाने मला गाठले. त्याने इथे लोदमध्येच एक लहानसे दुकान चालवायला घेतले आहे. पुढे पाव, दूध, अंडी; मागच्या फळीवर आपल्या लोकांसाठी तूरडाळ, पोहे, आमसुले. तो म्हणाला, "अंकल, तुम्ही एवढी वर्षं मकोलेत चालवलीत. मला सांगा, उधार द्यावं की देऊ नये? आमच्या गल्लीतली जुनी शिकुनं पाडून टॉवर बांधताहेत. ओळखीची माणसं चालली, नवीन येणाऱ्यांची मला नावंसुद्धा ठाऊक नाहीत." शब्बाथच्या दिवशी व्यापाराच्या गोष्टी बोलू नयेत, म्हणून मी त्याला इतकेच म्हटले की उत्तर लिहून देईन. त्याला वाटले असेल, म्हातारा टाळतो आहे. तसे थोडे होतेही. कारण या प्रश्नाशी माझ्या आयुष्यातील एक गोष्ट निगडित आहे आणि ती सांगायला मला लाज वाटते.

आपण बेने इस्राएल लोक तसे मुळचे दुकानदार नव्हे. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. पण मुंबईस आल्यावर आपण पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत शिरलो आणि महिन्याच्या पगाराची आपल्याला सवय लागली. दुकानाच्या फळीच्या अलीकडे उभे राहणे आपल्याला ठाऊक, पलीकडे नव्हे. भायखळ्यास आमच्या घरचे खाते एका वाण्याकडे होते. पगाराच्या दिवशी वडील आधी वाण्याकडे जात आणि मग घरी येत. वाण्याने कधी तगादा लावला नाही. मात्र वडील कोणत्या कचेरीत आहेत आणि पगार कोणत्या तारखेस होतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याचा विश्वास वडिलांवर होता की पगारावर, हे मला आजही सांगता येत नाही.

१९६९ साली आम्ही अलीया केली तेव्हा आम्हांला ओळखणारे इथे कोणीच नव्हते. खिशात पैसे बेताचे, हिब्रू त्याहून बेताची. आमच्या शिकुनच्या खाली एका मोरोक्कन बाईंची मकोलेत होती. पहिल्या आठवड्यात मी पाव आणि दूध उचलले, नाणी मोजू लागलो आणि ती पुरेनात. बाईंनी मला दोनच गोष्टी विचारल्या: कितव्या मजल्यावर राहता आणि मुले किती. मग त्यांनी वही उघडली. आपले आडनाव त्यांना लिहिता येईना, म्हणून त्यांनी लिहिले, "दुसऱ्या मजल्यावरचे होदी." पुढे अनेक वर्षे त्या वहीत आमचे नाव तेच राहिले. नोकरी आहे काय, पगार केव्हा, जामीन कोण, काही नाही.

हे विशेष म्हणून सांगतो, कारण त्या काळी आपल्या लोकांच्या मनात एक जखम ताजी होती. १९६२ साली धर्मसत्तेकडून सूचना निघाल्या होत्या की बेने इस्राएल मुलामुलींचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आईकडील पिढ्यांची चौकशी करावी. १९६४ साली क्नेसेतने आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत असे जाहीर केले, तेही आपल्या लोकांनी संप आणि धरणे केल्यानंतर. पुरावा आणा, मग ओळखू, असे म्हटलेले ऐकणे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

१९७८ साली कारखान्यातील नोकरी सोडून मी आणि माझ्या धाकट्या भावाने स्वतःची मकोलेत घातली. ज्यांनी हा धंदा केला नाही त्यांना वाटते की दुकानदार म्हणजे गल्ल्यावर बसणारा माणूस. पहाटे पावाचे आणि दुधाच्या पिशव्यांचे क्रेट बंद दाराबाहेर येऊन पडत. पाळीवर जाणारी माणसे त्यांतून आपापले उचलून घेऊन जात आणि संध्याकाळी येऊन सांगत, "दोन पाव, एक दूध, तिर्शोम." म्हणजे लिहून ठेव. क्रेटमधले कमी भरले आहे असे फार क्वचित झाले.

मग भाववाढ आली. १९८४ साली वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर भाव चढले. महिन्याच्या सुरवातीला लिहिलेली रक्कम महिन्याच्या अखेरीस हाती येईपर्यंत तिची किंमत बरीचशी विरघळून गेलेली असे. भाऊ म्हणाला, "रक्कम लिहूच नकोस. दहा पाव, आठ दूध, असं लिही. देतील त्या दिवशीचा भाव लावू." युक्ती बरी वाटली. पण आमच्या सिनेगॉगमधल्या एका जाणत्या गृहस्थांनी मला मिश्नातील हिल्लेलचे मत दाखवले. शेजारणीने शेजारणीला पाव उसना द्यायचा तर आधी त्याची किंमत ठरवावी, कारण मध्येच गहू महागला तर परत येणारा पाव व्याजासहित आला असे होईल. आमचा व्यवहार उसनवारीचा नव्हे, विक्रीचा होता, असा वाद मला घालता आला असता. मी घातला नाही. आम्ही रक्कमच लिहीत राहिलो आणि महिन्याऐवजी आठवड्याला हिशेब मागू लागलो. १९८५ च्या सप्टेंबरात १००० जुन्या शेकेलांचा एक नवा शेकेल झाला तेव्हा भावाने वहीतल्या प्रत्येक पानावरची तीन शून्ये खोडली आणि म्हणाला, "बघ, काय उरलं." असो.

आता ती लाजेची गोष्ट. १९९० पासून सोव्हिएत देशांतून लोक येऊ लागले आणि १९९१ च्या मे महिन्यात तर इथियोपियाहून १४,००० हून अधिक माणसे दीड दिवसात विमानांनी आली. आमच्या वस्तीतील जी जुनी कुटुंबे थोडी सावरली होती ती घरे विकून दुसरीकडे गेली. त्यांच्या जागी नवीन माणसे आली. जिन्यातल्या पत्रपेट्यांवरची नावे दोनतीन वर्षांत बदलून गेली. आम्ही भावाभावांनी ठरवले की नवीन लोकांना रोखीनेच द्यायचे. ठरवताना आम्हांला ते शहाणपणाचे वाटले.

त्या हिवाळ्यात एक वयस्कर रशियन बाई दुधाची पिशवी आणि अर्धा पाव घेऊन गल्ल्याशी आल्या. त्यांच्या पुढे आपल्यातलेच एक गृहस्थ होते. त्यांचे तीन महिन्यांचे पैसे थकले होते, तरी मी त्यांचा माल लिहून घेतला. बाईंनी ते पाहिले. वहीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "तिर्शोम." एवढा एक शब्द त्या बहुधा तिथेच उभ्या राहून शिकल्या होत्या. मी मान हलवली आणि म्हटले, "फक्त रोख." त्यांनी वाद केला नाही. परत फ्रिजपाशी गेल्या, दुधाची पिशवी होती त्याच जागी इतर पिशव्यांच्या ओळीत सरळ करून ठेवली, पाव फळीवर ठेवला आणि बाहेर गेल्या.

माझी पत्नी आत डाळ निवडीत बसली होती. ती म्हणाली, "अहो, आपण आलो तेव्हा त्या मोरोक्कन बाईंनी आपल्याला काय विचारलं होतं?" मी म्हटले, "तेव्हाची गोष्ट वेगळी." काय वेगळी, ते मला सांगता आले नाही. मी दुसऱ्या दिवशी त्या बाईंची वाट पाहिली. त्या पुन्हा आमच्या दुकानात आल्या नाहीत.

या गोष्टीनंतर मी त्या जाणत्या गृहस्थांकडे पुन्हा गेलो. त्यांनी मला मिश्नातील श्वीईतचा दहावा अध्याय उघडून दिला. सातव्या वर्षी, म्हणजे श्मिताच्या वर्षी, कर्जे माफ होतात असे तोरा सांगते. पण तिथे लिहिले आहे की दुकानाची उधारी माफ होत नाही. मात्र दुकानदाराने तिचे कर्ज करून टाकले तर होते. त्या उधारीला तिथे जो शब्द आहे, हकाफा, तोच आम्ही दुकानात रोज वापरीत होतो. मी पंडित नव्हे, पण मला जे समजले ते असे. वहीतली उधारी म्हणजे मुळात कर्ज नव्हे. ती एक चालू गोष्ट आहे. आज तुम्ही घेता, उद्या थोडे देता, परवा पुन्हा घेता. ज्या दिवशी रेघ मारून बेरीज मांडली आणि म्हटले की हे अमुक इतके टाका, त्या दिवशी तिचे कर्ज होते. तोवर ते शेजारपण आहे. तसे असेल, तर नव्या माणसाला पान न देणे म्हणजे कर्ज नाकारणे नव्हे. तू इथे राहतोस हे मी मानीत नाही, असे सांगणे आहे.

पण दुकानदारालाही घर असते. त्याच अध्यायात पुढे आहे की श्मिता जवळ आली म्हणून लोक गरिबाला कर्ज देईनात, तेव्हा हिल्लेलने प्रोझबुलची तजवीज केली. मला त्यात मोठा धडा दिसला. लोकांची अंतःकरणे कठोर झाली म्हणून हिल्लेल नुसता रागावत बसला नाही. देणाऱ्याची भीती कमी होईल अशी सोय त्याने केली.

आम्ही आमच्यापुरती एक सोय केली. पुठ्ठ्यावर हिब्रूत लिहून लावले: वस्तीत राहणाऱ्या कोणालाही ५० शेकेलपर्यंत उधार, त्यापुढे आधीचे चुकते केल्याशिवाय नाही. जुना, नवा, आपला, परका, सर्वांना एकच. यात कोण रागावले असेल? नवे नव्हेत. रागावले आपलेच लोक. "आम्हांला पण पन्नास? आम्ही काय कालचे आलेलो आहोत?" एका आंटीनी तर वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले. माझे मत विचाराल तर त्यांना ५० शेकेलांचे दुःख नव्हते. नव्या माणसापेक्षा आपला शब्द जड आहे हे त्यांना दाखवायचे होते, आणि माझ्या पुठ्ठ्याने ते काढून घेतले.

पैसे बुडाले का, असे तो तरुण विचारील. बुडाले. काही नवी माणसे पान अर्धे ठेवून दुसऱ्या गावी गेली. पण जुन्या गिऱ्हाइकांकडे अडकलेली रक्कम नेहमी त्याहून मोठी होती, कारण त्यांच्याकडे मागायला माझी जीभ रेटत नसे.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. गावाच्या कडेला मोठे सुपरमार्केट निघाल्यावर लोक महिन्याचा माल रोखीने तिथून आणू लागले आणि महिनाअखेरीस पैसे संपले की आमच्याकडे उधारीला येऊ लागले. स्वस्त मिळेल तिथे गरिबाने जावे, यात पाप नाही. परंतु जिथे आपले नाव वहीत आहे, तिथे वीसातला एक पाव तरी रोखीने घ्यावा, असे मला तेव्हा वाटे आणि आजही वाटते.

२००६ साली आम्ही दुकान बंद केले. वहीत सतरा पाने उरली होती. भाऊ म्हणाला, "फाडून टाक." पत्नी म्हणाली, "ठेवा, कोणी देईलही." दोघे येऊन देऊन गेले, त्यांत एक इथियोपियन तरुण होता, त्याच्या वडिलांचे पान होते, रक्कम ३८ शेकेल. बाकीची पाने कपाटात आहेत. त्यांतल्या एका पानावरचे गृहस्थ आपल्याच समाजातले आहेत. मी रस्त्याने येताना दिसलो की ते पलीकडच्या बाजूला जातात. मागच्या पेसाखच्या आधी मी त्यांच्या मुलाजवळ निरोप पाठवला की ते पान मी फाडले आहे. खरे म्हणजे तेव्हा फाडले नव्हते, निरोप पाठवल्यावर फाडले. ते अजून पलीकडूनच जातात.