परत दिलेले रीळ

कारेलीबागेतील बहुचराजीच्या देवळावरून आमचे नित्याचे जाणेयेणे. कोंबड्यावर आरूढ झालेली ही देवी पावैयांची, म्हणजे हिजड्यांची, आराध्यदेवता. तिचे मूळ ठाणे बेचराजीचे. तो मुलूख बडोदे संस्थानातलाच, आणि तेथील देऊळ गायकवाड घराण्यातील मानाजीरावांनी अठराव्या शतकात बांधले.

आमच्या घरातील जुन्या आल्बमात एका बारशाचे छायाचित्र आहे. मधोमध पाळणा, भोवती आत्या-माम्या, आणि उजव्या कडेला उंबऱ्याशी टाळी देत नाचणाऱ्या दोन पावैया. तिसरीचा चेहरा अर्धाच आला आहे. छायाचित्राच्या पाठीमागे वडिलांनी पेन्सिलीने सर्वांची नावे लिहून ठेवली आहेत, पाळण्यातल्या बाळाचेसुद्धा. या तिघींची तेवढी नाहीत. प्रस्तुत अंकासाठी जुन्या बडोद्याची छायाचित्रे हवीत असे कळले तेव्हा प्रथम हेच काढले, आणि मग थबकलो.

न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय व लॅटिन समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींनी बॉलरूमची जी दुनिया उभारली, तिच्यात १९७२च्या सुमारास क्रिस्टल लबेजा यांनी आपले 'हाउस' स्थापन केले. घराने टाकलेल्या मुलांना अशा ठिकाणी 'मदर' मिळे, नवे आडनाव मिळे. गुरू-चेल्यांची घराणी ठाऊक असलेल्या बडोदेकराला हे निराळे समजावून सांगायला नको. शांताल रेन्यो या फ्रेंच छायाचित्रकर्तीने १९८९ ते १९९२ या काळात त्यांचे व्होगिंग टिपले आणि २०११ साली ती छायाचित्रे ग्रंथरूपाने आली. ते दिवस एड्सचे होते. नाचणारी माणसे भराभर जात होती, आणि नाच हा तर देहाबरोबरच जाणारा. अशा वेळी कॅमेरा नसता तर काय उरले असते, हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही.

परंतु टिपून ठेवणे म्हणजे जपणेच, असेही नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने वायव्य प्रांतांत संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. नोंद झालेल्याने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे वा नाचणे हा गुन्हा ठरला. तेथेही नावे काळजीपूर्वक लिहिली जात होती! ज्यांच्या पूर्वजांची दप्तरे अशी भरली, त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली तर त्यास अज्ञान म्हणता येईल काय?

येथे दयानिता सिंग यांची हकिकत आठवते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या या छायाचित्रकर्तीने १९८९ साली लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीच्या मोना अहमद यांची छायाचित्रे घेतली. ती लंडनमध्ये छापली जाणार हे कळताच मोनांनी रीळ परत मागितले. त्यांचे नातेवाईक तेथे होते. सिंग यांनी ते देऊन टाकले. हातचे काम गेले, पण मैत्री जडली ती मोनांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१७पर्यंत टिकली. आणि २००१ साली जे पुस्तक निघाले त्यात मोना स्वतःच्या शब्दांत बोलल्या. यावरून कोणी म्हणेल, रीळ परत देणे हा शेवटी लाभाचाच व्यवहार ठरला. तसे ते नाही. पुस्तक होईल हे त्या दिवशी दोघींनाही ठाऊक नव्हते, आणि झाले नसते तरी रीळ मोनांचेच होते, असे आमचे मत आहे.

अर्थात, ज्यांना विचारता येत नाही अशांचे काय? बारशाचे ते बाळ आज मध्यमवयीन गृहस्थ आहे; त्याने आनंदाने संमती दिली. उंबऱ्यावरील तिघींचा ठावठिकाणा लागत नाही. छायाचित्र छापले तर त्यांचे अस्तित्व निदान या पानावर राहील. न छापले तर आमच्या शहराने ज्यांना दाराशीच ठेवले, त्यांना आम्हीही दाराबाहेर ठेवले असे होईल. ही टोचणी खरी आहे, तिच्यावर आमच्याजवळ औषध नाही.

परवा देवळाबाहेर बसणाऱ्या एका वयस्क पावैयाला आम्ही ते छायाचित्र दाखवले. तिने चष्मा सावरून बराच वेळ पाहिले, अर्ध्या चेहऱ्यावर बोट ठेवले, आणि एक नाव उच्चारले. छापू का, असे विचारता म्हणाली, "नाव तुमच्या वडिलांनी लिहिलंय तिथे लिहा. पुस्तकात नको."

पेन्सिलीने ते लिहिले आहे. अंकात छायाचित्र नाही.