कायमचा पत्ता : नाही

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तांब्याच्या पट्ट्या कमी भरल्या. संध्याकाळपर्यंत नाव द्या, मालकांनी बजावलं. फोरमनने दुपारीच कागद तयार केला. संशयित : ठेकेदाराकडचा हेल्पर. राहणार : पाथर्डी फाट्यापलीकडे, पालावर. कायमचा पत्ता : नाही. पूर्वीचे काम : माहीत नाही.

नेमका किती माल गेला ते विचारायला फोरमन स्टोअरमध्ये गेला. स्टोअर सांभाळणारे काका निवृत्तीला टेकलेले. पेपरात कोर्टाच्या बातम्या आधी वाचायच्या आणि बाकीचं जग नंतर, ही त्यांची जुनी खोड.

"यानं नेलं हे पाहिलं कुणी?"

"पाहिलं नाही, काका. पण पालावरची माणसं. तुम्हाला काय वेगळं सांगायचं!"

"मग मीच सांगतो. बस."

काकांनी सांगितलं ते नाशिकचंच होतं. 5 जून 2003 च्या रात्री एका मळ्यातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून, दोघींवर बलात्कार. वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून चौघे ओळखून दाखवले. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. खटला चालला तो भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांवर. 2006 मध्ये सहाही जणांना फाशी. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण 30 एप्रिल 2009 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली.

"त्या निकालाला 1996 च्या एका जुन्या निकालाचा टेकू होता," काका म्हणाले. "त्याचा सूर असा, की शिक्षा ठरवताना गुन्हा बघा, गुन्हेगार बघू नका. आणि दोनच आठवड्यांनी, 13 मे ला, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सांगितलं, तो 1996 चा निकालच कायद्याला धरून नाही. 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने घालून दिलंय, माणूसही बघायचा. कुठून आला, काय करून पोट भरतो, वय काय."

"मग सुटले?"

"कसले सुटतात! 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं, अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्यांची शिक्षा बदला म्हणून. ह्या सहांतला एक तर गुन्हा घडला तेव्हा अल्पवयीन होता. तेही नंतर सिद्ध झालं. शेवटी 5 मार्च 2019 ला सगळे निर्दोष. सोळा वर्षांनी. सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत, असा आदेश निघाला."

फोरमनच्या डोक्यात हिशेबाचं यंत्र सतत चालू असे. पाच लाखांना सोळाने भागलं, मग बाराने. महिन्याला सव्वीसशे. एवढ्यात अंबडला हेल्पर उभा राहत नाही.

"म्हणजे बघ," काका म्हणाले, "सुटकेच्या निकालातच लिहिलंय, हे भटके, गरीब, मजूर होते, म्हणून खोटेपणाने गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. अडकवायला मूळ उपयोगी पडलं. गळ्यात दोर घालायची वेळ आली, तेव्हा मात्र मूळ बघायचं नाही असं ठरलं."

फोरमनने हेल्परला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला, हात मागे बांधून. आत ये म्हटल्यावरही उंबऱ्यापाशीच.

"आधी काय करत होतास?"

"विहिरी खणल्या, साहेब. मग ऊसतोड, मग केबलचे चर. हितं दीड वरीस झालं."

"गाव?"

"बाप जिथं मेला ते सांगू, का मी जिथं जन्मलो ते?"

फोरमनला उत्तर सुचलं नाही. "परवा रात्री माल गेला, तेव्हा कुठं होतास?" हा प्रश्न त्याने सगळ्यात शेवटी विचारला. दुपारी कागद लिहायला घेतला तेव्हा तो सुचलाच नव्हता.

"तुमीच तर थांबवलं होतं. गाडी खाली करायला. पहाटेपर्यंत तुमच्यासंगंच होतो की."

हेल्पर गेला. काकांनी टेबलाच्या खणातून किल्ल्यांचं रजिस्टर काढलं आणि फोरमनपुढे सरकवलं.

"तांब्याच्या खोलीची किल्ली कुणाकुणाला मिळते, ते लिहून काढ. आता नवा कागद घे."

फोरमनने चार नावं उतरवली. पत्ते सगळ्यांचे पक्के होते. दुसरं नाव त्याचं स्वतःचं होतं.