गुडघा एकाचा, बिऱ्हाड सगळ्यांचं

माझ्या भाच्याचा धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला तीव्र हिमोफिलिया आहे, ‘ए’ प्रकारचा. रक्त गोठायला लागणारा आठव्या क्रमांकाचा फॅक्टर त्याच्या अंगात एक टक्काही तयार होत नाही. अशा मुलाला लागलं तर रक्त थांबत नाही, एवढंच लोकांना माहीत असतं. खरा घात आत होतो. काही न लागताही गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त उतरतं, सांधा तापतो आणि फुगतो. पुन्हा पुन्हा त्याच सांध्यात झालं की कूर्चा खराब होते आणि ऐन तारुण्यात पाय सरळ होईनासा होतो. त्याची आई, म्हणजे आमची सून, म्हणते की केडगाव सोडून केरळात त्रिशूरला राहायला जाऊ. मी म्हणते, जाऊ नका. दिवाळीपासून आमच्यात हेच चाललंय.

त्रिशूरच का, तर तिची थोरली बहीण खानापूर तालुक्यात दिलेली. विटा-आटपाडी भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेले आहेत. तिचे दाजी त्यांतलेच, त्रिशूरला त्यांची भट्टी आहे. खोली बघून देतो म्हणतात, भाच्याला हाताखाली घेतो म्हणतात. आणि केरळ सरकारनं 2024 मध्ये ‘आशाधारा’ योजनेतून 18 वर्षांखालच्या हिमोफिलियाच्या मुलांना एमिसिझुमॅब हे औषध मोफत द्यायचं ठरवलं. हे रक्तस्राव झाल्यावर द्यायचं औषध नव्हे, होऊच नये म्हणून द्यायचं. ही बातमी बहिणीनं फोनवर सांगितली आणि सुनेच्या डोक्यात घर करून बसली.

मी : पुणं साठेक किलोमीटरवर आहे. दारात स्टेशन आहे, डेमू आहे. फार तर हडपसरला खोली घ्या. त्यासाठी राज्य कशाला सोडायचं?

ती : प्रवासाचाच त्रास असता तर पुण्यालाच गेले असते, आत्या. रात्री तो उठवतो, ‘आई, गुडघ्यात मुंग्या आल्या.’ सूज दिसायच्या आधी त्याला कळतं. त्या घटकेला फॅक्टर गेला तर तिथंच थांबतं. आम्ही काय करतो? फडक्यात बर्फ बांधते, पाय उशीवर ठेवते आणि सकाळच्या गाडीची वाट बघते. गाडी करून निघालो तर हंगामात यवतच्या अलीकडं उसाच्या जोडट्रॉल्या. पोचेस्तोवर गुडघा नारळाएवढा. एकदा एका रुग्णालयातून ‘साठा संपलाय, परवा या’ असं ऐकून परत आलो. हडपसरला राहिलो तर वेळ वाचेल. पण सुई मिळणार ती रक्त आल्यावरचीच.

तिचा हिशेब बरोबर आहे. फॅक्टर आठ दर किलो वजनामागं एक युनिट दिला की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. वीस किलोच्या पोराला 500 युनिट दिले की पातळी पन्नास टक्क्यांवर जाते आणि बारा तासांच्या आत निम्म्यावर येते. म्हणून आधीपासून संरक्षण द्यायचं तर आठवड्यातून तीनदा तरी शिरेतून फॅक्टर द्यावा लागतो. लहान पोराची शीर सापडायला किती वेळ लागतो आणि तोवर तो कसा आक्रसून बसतो, हे मी पाहिलंय. शिवाय तीव्र आजाराच्या चारांतल्या एखाद्या रुग्णाचं शरीर त्या फॅक्टरलाच परका मानून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग नेहमीचा फॅक्टर लागू पडत नाही. एमिसिझुमॅब त्वचेखाली द्यायचं असतं, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी एकदा. अपघात झाला, दात काढायचा असला तर फॅक्टर लागतोच. पण एरवी पोर खेळू शकतं.

मी : मग तूच बघ. हे औषध फ्रिजमध्ये राहतं, त्वचेखाली देता येतं, आईला शिकवलं की घरी देता येतं. म्हणजे ज्या औषधासाठी घर उचलायचं म्हणतेस, ते घर न हलवता देण्याजोगंच आहे. सांधा तपासायला, रक्ततज्ज्ञाला दाखवायला अधूनमधून जावं लागेल, तेवढंच.

ती : मग आणा की इथं.

मी : आणायलाच हवं. मी वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. कलम 19 तुला भारतात कुठंही जाऊन राहायचा हक्क देतं. पण सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यसूचीत आहेत. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात हिमोफिलिया आला, त्याचं ओळखपत्र देशभर चालतं. औषध कोणतं, कुणाला आणि कधी द्यायचं, ते मात्र राज्य ठरवतं.

ती : म्हणजे माणूस देशाचा आणि त्याचं रक्त राज्याचं.

मी : म्हणून तर मागणी करायची ती राज्याकडं. मी अर्ज लिहिते, जिल्हा शल्यचिकित्सकांना, आमदारांना, मंत्रालयात. तालुक्यात अशी आणखी घरं असतील. तू बारावी शिकलेली, बोलणारी. बोलता येतं ती सगळी उठून गेली, तर मागं राहिलेल्यांसाठी बोलायचं कुणी?

ती : गावाला औषध मिळावं म्हणून माझ्या पोराचा गुडघा तारण ठेवू का?

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. पण तिचा प्रश्न बिनतोड आहे म्हणून माझा खोटा ठरत नाही. दवाखाना चांगला आहे तिथं ज्यांना जाता येतं ते जातात, आणि ज्यांना जाता येत नाही त्यांच्या गावातला दवाखाना आणखी मुका होतो. प्रत्येक आईनं आपल्यापुरतं बरोबर केलं तरी हे होतंच. त्याचा दोष आईला देता येत नाही आणि ते डोळ्याआडही करता येत नाही.

मी : बरं, गावाचं राहू दे. तुझ्या थोरल्या लेकीचं बोल. अकरा वर्षांची आहे, सहावीत आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव होतं. तिथं मल्याळम. आजार तिच्या भावाचा आणि शाळा सुटणार तिची.

ती : गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून माणसं लेकरंबाळं घेऊन येतात. त्यांची पोरं तुमच्याच वर्गात होती. सहा महिन्यांत मराठी बोलायला लागायची, असं तुम्हीच कौतुकानं सांगता.

मी : बोलायला लागायची. गणितातलं शाब्दिक उदाहरण सोडवायला नाही. त्यातली कितीतरी पोरं पुढं चुलाणावर चिपाडं सारताना पाहिलीत मी. भाषा येणं निराळं आणि त्या भाषेत हुशार असणं निराळं. ही आज वर्गात पुढं बसते, तिथं मागं बसेल. आणि का, ते तिला कुणी विचारलेलंही नसेल.

ती : घरातल्या एकाचं आजारपण सगळ्यांनी वाटून घ्यायचं नाही, तर घर कशाला म्हणायचं?

मी : पैसे वाटून घ्या, जागरणं वाटून घ्या. तिची ही वर्षं परत मिळायची नाहीत.

ती : त्याचा गुडघाही नाही.

मी : पण ती निरोगी आहे म्हणून तिनं गप्प सोसायचं, हा न्याय नव्हे.

ती : ती निरोगी आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मी गप्प बसले. हिमोफिलियाचं बीज क्ष गुणसूत्रावर असतं. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. हे सगळ्या घराला ठाऊक आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाही.

ती : मी वाहक आहे. माझी पाळी महिन्यातले दहा-दहा दिवस चालायची, बाळंतपणात किती रक्त गेलं ते तुम्ही बघितलंत. तेव्हा सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे. वाहक बाईचाही फॅक्टर कमी असू शकतो, हे मला पोरगा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. थोरलीला आज ना उद्या पाळी येईल. तिची तपासणी झालेली नाही. का? तर कागदावर नाव येईल म्हणून. आत्या, तुम्ही बोलता तिच्या शाळेचं, पण भीती आहे तिच्या लग्नाची. आम्ही गाव सोडलं की लोक विचारणार का सोडलं, आणि मग सांगावं लागणार.

मी : ती भीती आहेच, आणि ती पोकळ नाही. सोयरीक जुळवताना लोक आजोळची तीन-तीन घरं चाळतात. तू दहा माणसांत सांगितलंस तर ते तुझं धाडस. पण त्याची किंमत आणखी दहा वर्षांनी ती मोजेल. तिच्या अंगातली गोष्ट गावाला सांगायचा हक्क ना तुला, ना मला.

ती : आणि तिच्यापासून लपवायचा?

इथं आम्ही बरेच दिवस अडकलो. शेवटी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे फॅक्टरची पातळी. ती साध्या रक्ततपासणीत कळते आणि तिच्या आजच्या तब्येतीचा प्रश्न आहे: पाळीत रक्त फार गेलं तर काय करायचं, दात काढायचा झाला तर काय सांगायचं. ती लगेच करायची आणि तिला समजेल असं सांगायचं. दुसरी म्हणजे ती वाहक आहे की नाही याची जनुकीय तपासणी. ती मोठी झाल्यावर तिची तिनं करावी किंवा करू नये. पातळी चांगली निघाली तरी ती वाहक असू शकते, हेही तिला तेव्हा सांगायचं. एवढ्यावर आमचं जुळलं. या सगळ्या वादातली निर्विवाद कामाची गोष्ट ही एवढीच, असं मला वाटतं, आणि तिच्यासाठी केडगावही सोडायला नको आणि त्रिशूरही गाठायला नको.

दुसरा मुद्दा मी काढला तो परक्याच्या ताटाचा. तिथल्या लोकांनी कर भरून, सरकारच्या मागं लागून ती योजना मिळवली. आपण आयते जाऊन बसायचं का? ती म्हणाली, ‘ऊसतोडीला आलेली बाई अडली आणि यवतच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली, तर तिला तुम्ही जिल्हा विचाराल का?’ तो मुद्दा मी सोडून दिला. तिथं राहायला येऊन योजनेत नाव लागायला कागद कोणते लागतील, हे दाजींनी रुग्णालयात स्वतः विचारून कळवावं, मगच सामान बांधावं, हे मात्र तिच्याकडून कबूल करून घेतलं. बहिणीच्या फोनवर बिऱ्हाड हलवू नये.

मी : तू ज्या गावाची सून आहेस ते गाव तरी बघ. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. पुण्यात प्लेगची साथ, मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून इथं केडगावच्या माळावर आणलं. मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. रमाबाईंनी शाळा, शेत, कामधंदा, अंध मुलींचं शिक्षण सगळं याच जागी आणलं. मुलींना जिथं जे मिळेल तिथं धाडत बसल्या नाहीत.

ती : त्या मुलींना मागं घर उरलं होतं का? दुष्काळानं पुसलं होतं. आमचं आहे, म्हणून तर जीव तुटतो. आणि रमाबाईंचंच काढलंत तर सगळं काढा. मनोरमा दोन वर्षांची असताना तिला घेऊन त्या 1883 मध्ये विलायतेला गेल्या ना, डॉक्टर व्हायला? तुम्हीच सांगितलंय.

मी : हो. पण ऐकू कमी यायचं म्हणून ते शिक्षण झालंच नाही.

ती : ज्या कामाला गेल्या ते झालं नाही. तरी गेल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं म्हणाल का?

नाही म्हणणार. पण रमाबाईंच्या मागं तेव्हा ना नवरा उरला होता ना घर, हेही तिनं सोयीनं बाजूला ठेवलं. माझा भाचा गुळव्या आहे. काहिलीतल्या रसाचा पाक झाला का, हे तो नुसत्या बुडबुड्यांवरून सांगतो. त्याच्या हातच्या ढेपेला बाजारात दोन पैसे जास्त येतात. त्रिशूरला तो गलाईच्या तेजाबाच्या धुरात हरकाम्या होईल. सून म्हणते, शिकेल. त्याला विचारलं तर म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा.

शेवटी मी माझ्याकडून मार्ग काढला. धाकट्याला घेऊन तुम्ही दोघं जा, थोरलीला माझ्याकडं ठेवा. दहावीपर्यंत मी तिला बघते, शाळा समोर आहे.

ती : म्हणजे मुलाच्या वाट्याला आई-बाप आणि औषध, आणि मुलीच्या वाट्याला शाळा?

मी : शाळा आणि मी.

ती : तुम्ही आहात हे माहीत आहे, आत्या. म्हणूनच भीती वाटते. तुम्ही तिला इतकं नीट सांभाळाल की आम्ही तिला सोडलं, हे आम्हालाच जाणवणार नाही.

अर्ज मी लिहिलाय, तिनं सही केलीय. उत्तराची वाट ती मे अखेरपर्यंत बघणार आहे. त्यानंतर भाचा आधी एकटा त्रिशूरला जाऊन बघून येईल. थोरलीचा दाखला काढायचा की नाही, यावर मात्र अडलंय. सून म्हणते, तिलाच विचारू, अकरा वर्षांची पोर काही कुक्कुलं बाळ नाही. माझं म्हणणं असं की, भावाच्या पायाविरुद्ध आपल्या शाळेच्या बाजूनं बोल, असं त्या वयाच्या पोरीला सांगणं म्हणजे विचारणं नव्हे, कारण ती काय उत्तर देईल ते आपल्याला आधीच माहीत आहे. सून म्हणते, उत्तर माहीत असलं तरी विचारायला हवं. यावर आमचं अजून जुळलेलं नाही.